माळेचा दोरा

(नभोवाणीवरील भाषण)



दागिन्यांची गोष्ट निघाली म्हणजे बोलणे लवकरच सोन्याकडे वळते. तोळे किती भरले, भाव काय पडला, घडणावळ किती झाली, याची चौकशी सर्वजण करतात. दागिना कोणत्या दोऱ्यात गाठविला आहे, हे मात्र कोणी विचारीत नाही. वास्तविक पुतळ्यांची माळ असो, बोरमाळ असो, की दोन वाट्यांची काळी पोत असो, ती गळ्यात राहते ती दोऱ्याच्या आधाराने. मण्याचे मोल कितीही असले तरी दोरा तुटताच ते ओसरीवर, शेतात नाही तर एसटीच्या गर्दीत विखुरते, आणि मग कंदील किंवा विजेरी घेऊन एकेक दाणा वेचण्याची पाळी येते.

सातारा-सांगलीकडच्या घरांतून पोत तुटली असे कोणी तोंडाने म्हणत नाही. 'वाढली' असे म्हणतात. बांगडीही फुटत नाही, वाढते. अशुभ शब्द उच्चारू नये म्हणून भाषेने काढलेली ही पळवाट आहे. परंतु शब्द सौम्य केला म्हणून मनातली धास्ती जात नाही. नवरा परगावी असेल, मुलगा सैन्यात असेल, तर पोत वाढलेल्या बाईला त्या रात्री झोप येत नाही. अशा वेळी दोरा का तुटला याचा शांतपणे विचार करणे बरे. दोरा तुटण्याची मुख्य कारणे तीन. पहिले, घाम, तेल व साबण यांनी सूत कुजते. दुसरे, मण्याच्या छिद्राची कड धारदार असेल तर ती रोज थोडथोडी दोऱ्याला कापते. तिसरे, गाठीपाशी दोरा सदा वाकलेला राहून तेथेच झिजतो. या तिन्हींत दैवाचा किंवा शकुनाचा काडीइतकाही संबंध नाही. जिला स्वतःच्या हाताने माळ ओवता येते तिला हे सांगावे लागत नाही. झिजलेला दोरा तिने आधीच पाहिलेला असतो.

यास्तव नवशिक्या माणसाने घरच्या घरी साधी माळ कशी ओवावी, तिची गाठ कशी घालावी व जुनी माळ पुन्हा कशी गाठवावी, एवढाच आजचा विषय आहे.

हे काम पूर्वी बव्हंशी पटवेकऱ्यांचे असे. सोनार दागिना घडवी आणि पटवेकरी तो रेशमात गाठवून देई. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून ताणून धरावा, दोन्ही हात मोकळे ठेवावे आणि मांडीवर रेशमाला पीळ देत गोंडा बांधावा, अशी त्याची बैठक असे. अजूनही साताऱ्याच्या मोती चौकात किंवा सांगलीच्या सराफ कट्ट्यावर दागिने गाठवून मिळतात. परंतु लहान गावी असा कारागीर सहज भेटत नाही. बाकी सोन्याचांदीशी या मुलखाचे नाते जुने व कष्टाचे आहे. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली कितीतरी माणसे पाऊस नाही म्हणून घर सोडून गेली आणि सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या गलाईच्या धंद्यात हिंदुस्थानभर पसरली. अनोळखी शहरांतील सराफ पेठांत त्यांनी भट्ट्या चालविल्या. परंतु सोने गाळणे हे भट्टीचे काम आहे. माळ ओवण्यास मात्र भट्टी लागत नाही आणि भांडवलही फारसे लागत नाही. खिडकीपाशी उजेड असावा आणि हाताला धीर असावा, एवढे पुरते.

माळ ओवण्याची कला किती प्राचीन आहे, याचा एक पुरावा जवळच आहे. कोल्हापुरास पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. तेथे १९४५-४६ साली सांकळिया व दीक्षित या विद्वानांनी उत्खनन केले, तेव्हा सातवाहन काळच्या वसाहतीचे अवशेष मिळाले व त्यांत मणीही होते. यांपैकी मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी पुढे प्राचीन मण्यांचा व भारतीय काचेचा विशेष अभ्यास केला. जमिनीत मणी शेकडो वर्षे टिकतो. सूत व रेशीम यांची माती होते. म्हणून संशोधकाच्या हाती बहुधा सुटे मणीच येतात आणि ते कोणत्या क्रमाने ओवले होते, हे त्याला अनुमानाने ठरवावे लागते. घरातली आजीची माळ तुटून मणी डब्यात पडले व क्रम कोणी टिपून ठेवला नाही, तर नातीची स्थितीही त्या संशोधकासारखीच होते.

आता साहित्याकडे वळू या. एक बारीक टोकाची कात्री, एक मोजपट्टी, दोन-तीन वाट्या, थोडे मधमाशांचे मेण, एक सुई आणि घोंगडीचा हातभर तुकडा एवढे जवळ असावे. घोंगडीचा तुकडा चैनीसाठी सांगितलेला नाही. गुळगुळीत फरशीवर मणी घरंगळतात. लोकरीवर ते जागच्या जागी राहतात. मण्याचे छिद्र सुईच्या नाकाहून लहान असेल तर चार इंच बारीक तांब्याची तार मध्ये दुमडून तिला पीळ द्यावा. दुमडलेल्या टोकाचे नाक होते व दोरा त्यात ओवता येतो. तारही नसेल तर दोऱ्याचे शेवटचे इंचभर टोक मेणात घोळून कडक करावे.

दोरा कोणता घ्यावा, हा खरा प्रश्न आहे. शिवणाचा सुती दोरा स्वस्त व सरावास उत्तम. पण घामाने तो लवकर कुजतो. रेशीम मऊ असते, त्याची गाठ सुबक बसते व माळ गळ्यावर सुरेख पडते. म्हणून मोत्यांसाठी ते पसंत करतात. मात्र नवे रेशीम वजनाने थोडे लांबते. याकरिता ओवण्यापूर्वी एक रात्र ते खिळ्याला टांगून खाली पाच-सहा किल्ल्यांचा जुडगा बांधून ठेवावा. नायलॉनचा दोरा कुजत नाही, पण तो निसरडा असल्यामुळे त्याची साधी गाठ आपोआप सुटते. नवशिक्याने पहिल्या माळेस मेण लावलेला जाड सुती किंवा पॉलिएस्टरचा दोरा घ्यावा. दोरा मण्याच्या छिद्रात सैल खेळता कामा नये. छिद्र भरेल इतका जाड असावा, अथवा दुपदरी करावा. छिद्रात सैल राहिलेला दोरा मण्याच्या कडेवर घासत राहतो आणि तेथेच तुटतो.

मणी विकत आणण्याची घाई करू नये. पहिला धडा गाठीचा आहे आणि त्यासाठी महाराष्ट्रातील घराघरांत एक सुंदर शाळा पूर्वीपासून आहे. संक्रांतीला नव्या सुनेला व बोरन्हाणाच्या वेळी लहान बाळाला हलव्याचे दागिने घालतात. हलव्याच्या दाण्याला छिद्र नसते. तो सुईने टोचू गेल्यास फुटतो. म्हणून त्याला दोऱ्यानेच बांधावे लागते. शिवणाचा पांढरा दोरा दुपदरी घ्यावा, त्याचा लहान फास करून दाण्याच्या मध्यावर बसवावा, हलकेच आवळावा आणि त्यावर दुसरी गाठ मारावी. लगेच शेजारी दुसरा दाणा याच रीतीने बांधावा. हलव्यावरचा काटा दोऱ्याला धरून ठेवतो. दोरा जास्त ओढला तर काटा मोडतो, कमी ओढला तर दाणा निसटतो. हात ओले असतील तर साखर विरघळते. वीत-दीड वीत लांबीची सर बांधून होईपर्यंत गाठ किती आवळावी हे बोटांना कळू लागते. चुकलेला दाणा खाऊन टाकावा, म्हणजे नुकसान काहीच होत नाही. हा धडा शिकण्यास संक्रांतीची वाट पाहिलीच पाहिजे असेही नाही. चिंचोके किंवा लहान खडे घेऊनही तो गिरविता येईल.

मराठीत गाठींची दोन नावे प्रसिद्ध आहेत. जी एक टोक ओढताच सुटते ती सुरगाठ, आणि जी सहसा सुटत नाही ती निरगाठ. माळेला निरगाठ पाहिजे. तिची रीत अशी: पहिल्यांदा उजवा पदर डाव्यावरून नेऊन खालून काढावा व आवळावा, दुसऱ्यांदा डावा पदर उजव्यावरून नेऊन खालून काढावा व आवळावा. दोन्ही वेळा उजवाच पदर वरून नेला तर गाठ तिरपी पडते आणि ताण बसताच घसरते. नवशिक्याच्या पहिल्या माळा बहुधा याच एका चुकीमुळे सुटतात. निरगाठ बरोबर पडली आहे की नाही हे पाहण्याची खूण सोपी आहे. गाठ सपाट दिसते आणि प्रत्येक बाजूचे दोन्ही पदर एकमेकांना लागून, एकाच दिशेने बाहेर येतात.

गाठ साधली म्हणजे पहिली माळ घ्यावी. ती लांब असावी. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर साधारणतः २२ इंचांच्या आसपास असतो. म्हणून तीन विती, म्हणजे सुमारे २७ इंच लांबीची माळ डोक्यावरून सहज गळ्यात जाते व तिला फासा किंवा हूक लागत नाही. गळ्याशी बसणारी माळ १४ ते १६ इंचांची, आणि छातीच्या वरच्या भागावर रुळणारी एक हाताची, म्हणजे १८ इंचांची असते. पण या दोहोंना मागे अडकवणी पाहिजे. ते काम दुसऱ्या माळेसाठी राखून ठेवावे.

मणी किती लागतील हे आधी गणिताने काढावे. एक इंच म्हणजे साधारण २५ मिलिमीटर. आठ मिलिमीटरचा मणी घेतला तर २७ इंचांत सुमारे ८५ मणी बसतात. १८ इंचांच्या माळेस तेच मणी सुमारे ५७, सहा मिलिमीटरचे ७६ आणि चार मिलिमीटरचे ११४ लागतील. आता नक्षी ठरवावी. तीन काळे आणि एक पिवळा असा चार मण्यांचा गट धरला तर २१ गटांचे ८४ मणी होतात. त्यांत काळे ६३ व पिवळे २१. लांबी साडेसव्वीस इंच भरते. घरातील चौथी-पाचवीच्या मुलाला हा हिशेब करावयास सांगितला, तर पाटीवर कंटाळवाणा वाटणारा गुणाकार तो हसतखेळत करतो. १९३७ साली वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेत हस्तव्यवसायाच्या द्वारे शिक्षण देण्याचा जो विचार मांडला गेला, त्याचे बीज अशाच लहान कामांत असते.

मणी काचेचेच हवेत असे नाही. जुन्या दिनदर्शिकेच्या रंगीत कागदाचे मणी फुकटात होतात. एक इंच पायाचा व दहा इंच उंचीचा निमुळता त्रिकोण कापावा. रुंद बाजूकडून तो दाभणावर घट्ट गुंडाळीत आणावा, शेवटच्या दोन-तीन इंचांस खळ लावून चिकटवावा आणि दाभण काढून घ्यावा. मध्ये फुगीर व दोन्हीकडे निमुळता असा मणी तयार होतो. वाळल्यावर वरून पारदर्शक व्हार्निशाचा हात दिला तर पाण्याचे दोन थेंब तो सोसतो. कलिंगडाच्या बिया भिजवून मऊ झाल्यावर सुईने टोचता येतात आणि वाळल्यावर त्यांची माळ चांगली दिसते. गुंजांचा मोह मात्र टाळावा. लाल अंगाची व काळ्या डोळ्याची गुंज दिसावयास मोहक, परंतु तिच्या आत तीव्र विष असते. अखंड बीचे कवच कठीण असते. छिद्र पाडल्यावर किंवा बी चावली गेल्यावर ते विष मोकळे होते. मुले असलेल्या घरी गुंजांची माळ नसावी.

मणी निवडताना तांदूळ निवडण्याची शिस्त पाळावी. प्रत्येक मणी उजेडाकडे धरून छिद्र आरपार आहे की नाही ते पाहावे. मग एका दोऱ्यावर तो चार वेळा मागेपुढे ओढावा. दोऱ्याचे तंतू निघाले तर छिद्राची कड धारदार आहे असे समजून तो मणी बाजूला काढावा. दहा मणी टाकावे लागले तरी वाईट वाटू नये. एक धारदार मणी ८३ चांगल्या मण्यांना जमिनीवर पाडतो.

यानंतर सर्व मणी घोंगडीवर क्रमाने मांडावे. पाच विती लांबीचे दोन दोरे घेऊन ते एकत्र मेणावरून दोनदा ओढावे, म्हणजे दुपदरी दोरा तयार होतो. मेणाने दोऱ्याचे तंतू बसतात व घामापासूनही थोडे रक्षण होते. ओवण्यास मधल्या मण्यापासून प्रारंभ करावा. तो दोऱ्याच्या मध्यावर आणून दोन्ही बाजूंना आळीपाळीने एकेक गट ओवीत जावे. एका टोकापासून ओवीत गेल्यास शेवटी मणी कमी पडले तर माळ एकांगी होते. मधून ओवल्यास दोन्ही अंगे सारखी राहतात. सर्व मणी झाल्यावर माळ सरळ न ठेवता गळ्यात असते तशी वाटोळी ठेवावी आणि मगच दोरा ओढावा. सरळ ठेवून अगदी घट्ट ओढलेली माळ वाकविताना काठीसारखी ताठ राहते व सारा ताण गाठीवर येतो. दोन मण्यांच्या मध्ये दोरा दिसू नये, पण मणी बोटाने फिरावा, इतकी ढील योग्य.

आता दोन्ही टोके एकत्र आणून निरगाठ घालावी. गाठ झाली की लगेच कात्री चालवू नये. प्रत्येक टोक पुन्हा सुईत घालून शेजारच्या तीन-चार मण्यांतून मागे न्यावे, दोन मण्यांच्या मध्ये मूळ दोऱ्याभोवती एक लहान गाठ मारावी, आणखी दोन मणी पुढे जावे आणि मग उरलेला दोरा कापावा. असे केल्याने मुख्य गाठ क्वचित ढिली झाली तरी माळ एकदम ओघळत नाही. गाठीवर डिंकाचा किंवा नखांना लावावयाच्या बिनरंगी लेपाचा एक थेंब द्यावा व रात्रभर वाळू द्यावे. दुसऱ्या दिवशी माळ खिळ्यास टांगून खाली किल्ल्यांचा जुडगा तासभर लटकत ठेवावा. ही परीक्षा उतरली की माळ गळ्यात घालावी.

दुसरी माळ एक हाताची करावी. तिला बाजारी हूक नसला तरी सरकत्या गाठीने काम भागते. दोन्ही टोके एकमेकांविरुद्ध दिशेने समांतर ठेवावी. उजव्या टोकाने डाव्या दोऱ्याभोवती एक साधी गाठ मारावी आणि डाव्या टोकाने उजव्या दोऱ्याभोवती तशीच दुसरी. या दोन गाठी एकमेकींपासून दूर सरकविल्या की माळ आखूड होते, जवळ आणल्या की लांब होते. टोकांना रेशमाचे दोन लहान गोंडे बांधले म्हणजे पटवेकऱ्याच्या जुन्या कामाची आठवण देणारी माळ घरी तयार होते.

तिसरा धडा मोत्यांसारख्या मौल्यवान मण्यांचा, म्हणजे प्रत्येक मण्यानंतर गाठ घालण्याचा आहे. मणी ओवल्यावर दोऱ्याचा सैल फास करावा, फासात सुईचे टोक घालावे आणि सुईने तो फास सरकवीत मण्याला भिडवावा. मग दोरा आवळीत असतानाच सुई काढून घ्यावी. गाठ अगदी मण्याच्या कडेला बसते. या रीतीस दोरा माळेच्या दुपटीने लागतो व वेळही तिप्पट जातो, परंतु लाभ दोन आहेत. मणी एकमेकांवर घासत नाहीत. आणि दोरा तुटलाच तर एखादाच मणी निसटतो, बाकीचे गाठींच्या आड जागच्या जागी राहतात.

जुनी पोत पुन्हा ओवताना सर्वांत महत्त्वाचे काम दोरा कापण्यापूर्वीचे आहे. वाट्या, डोरले, सोन्याचे मणी व काळे मणी कोणत्या क्रमाने आहेत ते कागदावर उतरून घ्यावे, किंवा मोबाइलवर दोन स्पष्ट छायाचित्रे काढून ठेवावी. सोन्याचे मणी मोजून वेगळ्या वाटीत ठेवावे. पोकळ लाखभरल्या मण्यांना उष्णता लागू देऊ नये, लाख वितळते. मग परातीवर पोत धरून दोरा कापावा. पोत ओवण्याची वेळ आली हे ओळखण्याच्या खुणा तीन आहेत: मण्यांच्या मधून दोरा दिसू लागतो, गाठीजवळ तो काळा व बारीक होतो, आणि बोटाने चोळल्यास त्याचे तंतू निघतात. दसऱ्याला घरातील हत्यारे व अवजारे पुसून पूजतात. त्याच सुमारास वर्षातून एकदा गळ्यातल्या माळांचे दोरेही तपासण्याचा नेम ठेवावा. रोज वापरातील मोत्यांचा दोरा तर वर्षाकाठी बदललेला बरा.

येथे एक सावधगिरी सांगणे अगत्याचे आहे. माळ मजबूत असावी हे खरे, परंतु लहान मुलाच्या गळ्यात न तुटणारा दोरा घालणे धोक्याचे होय. पाळण्याच्या कडेला, खिडकीच्या गजाला अथवा झाडाच्या फांदीला माळ अडकली तर सुती दोरा कदाचित तुटेल आणि मूल सुटेल. नायलॉन तुटणार नाही. मूल झोपताना गळ्यात काहीही ठेवू नये. तीन वर्षांच्या आतील मुलाच्या हाती सुटे मणी पडू देऊ नयेत, कारण ते नाकात किंवा श्वासनलिकेत जातात. बोरन्हाणाचे हलव्याचे दागिनेही समारंभ होताच काढून घ्यावे. शेतात मळणीयंत्रापाशी किंवा चक्कीच्या पट्ट्यापाशी काम करणाऱ्या स्त्रीने लांब माळ काढून ठेवावी, निदान पदराआड खोचावी.

माळेचे महत्त्व मण्याच्या मोलावर नसते, हे वारकऱ्याच्या गळ्याकडे पाहिले म्हणजे समजते. आषाढीस ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंद, तरडगाव, फलटण या मार्गाने पुढे जाते. त्या मेळ्यात तुळशीच्या काष्ठमण्यांच्या माळा घातलेली हजारो माणसे असतात. गळ्यात माळ नसता अन्नाचा घास न घेणारे निष्ठावंत त्यांत आहेत. अशा माणसाच्या पडशीत सुईदोरा असणे आणि त्याला एक निरगाठ येणे किती मोलाचे आहे, हे निराळे सांगावयास नको.

सोन्याच्या मोहाविषयीही साताऱ्याने एक धडा घालून दिला आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. निरनिराळ्या जातींची गरीब मुले तेथे एका पंक्तीला जेवत. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने एकामागून एक दिले आणि अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या वारल्या. त्यांच्या गळ्यातले सोने गेले, म्हणून त्यांच्या मानास काही उणेपणा आला असे साताऱ्यात कोणीही म्हणणार नाही.

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. सांगलीपासून फार दूर नसलेल्या, शिरोळ तालुक्यातील हेरवाड या गावच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला की, पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे व बांगड्या फोडणे या चाली गावात बंद कराव्या. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरविण्यास सांगितले. दोरा झिजून तुटणे ही एक गोष्ट. दुःखात बुडालेल्या बाईच्या गळ्यातला दोरा चार माणसांनी मिळून तोडणे ही अगदी वेगळी गोष्ट. पहिली टाळावयास मेण व निरगाठ पुरते. दुसरी टाळावयास गावाने ठराव करावा लागतो, आणि ठरावानंतरही घरोघरी तो पाळावा लागतो. ठराव कागदावर राहिला आणि घरातल्या मोठ्या बायकांनी डोळे वटारले, तर ज्या बाईसाठी तो केला तिचा गळा ओकाच राहतो. अशा घरी एखाद्या मुलीने स्वतःच्या हाताने साधी रंगीत माळ ओवून आपल्या आईच्या गळ्यात घातली, तर तिला कोणत्या शास्त्राची आडकाठी असणार? कागदाचे मणी, कलिंगडाच्या बिया, चार आण्यांच्या मोलाची काच, यांना सौभाग्य आणि वैधव्य ठाऊक नाही.

माळ ओवण्यास शिकणाऱ्याने पहिल्या दिवशी मणी हाती घेऊ नयेत. हातभर दोरा घ्यावा आणि निरगाठ शंभर वेळा घालून शंभर वेळा सोडवावी. गाठ न पाहता घालता येऊ लागली की ८४ मणी मोजून घोंगडीवर मांडावे. ज्या घरात एका तरी माणसाला एवढे येते, त्या घरी पोत वाढली तर कोणी कपाळाला हात लावून बसत नाही; सगळी मिळून मणी वेचतात, मोजतात, आणि रात्रीच्या जेवणापूर्वी ती पुन्हा गळ्यात असते.